फायरमनच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही करू का?

संत्राबर्फी | १७ ऑक्टोबर २०२४, रात्री १०.४०

परवा १५ तारखेला निवडणूक जाहीर झाली आणि काल सकाळी आमच्या गल्लीतले फायरमनदादा दारात उभे. नाव लिहीत नाही, मतदारसंघही लिहीत नाही. नागपूर शहरातल्या सहांपैकी एक, एवढं पुरे. बावीस वर्षं अग्निशमन दलात काढली, जूनमध्ये स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली, सप्टेंबरअखेर कार्यमुक्त झाले. आम्हाला वाटलं गुडघ्यांमुळे सोडलं असेल. आता कळलं की विधानसभेला अपक्ष उभे राहतायत. दहा सूचक लागतात, आठ मिळालेत, नववा मी व्हावं असं त्यांचं म्हणणं.

माणूस कसा, ते सांगतो. २०१७ मध्ये आमच्या काकांकडे शेगडीच्या नळीनं पेट घेतला. दादा त्या दिवशी सुट्टीवर होते, बनियनवरच धावत आले. आम्ही सगळे ओरडत होतो. त्यांनी आधी मीटरजवळचा मेन स्विच पाडला, गोणपाट ओलं करून रेग्युलेटरवर टाकलं, हात आत घालून गॅस बंद केला आणि सिलिंडर अंगणात आणून ठेवलं. सगळं मिळून दोन मिनिटं. मग काकूला म्हणाले, "वहिनी, नळीवर तारीख छापलेली असते, वाचत जा." आजही आमच्या गल्लीत कुणी नळी बदलली की त्यांना दाखवतं.

बाबांचं मत वेगळं आहे. "माणूस सोन्यासारखा आहे, म्हणूनच त्याला थांबव. फंडाचे पैसे जातील."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सही केली तर कायद्यानं माझ्या अंगाशी काही येतं का? आणि फायरमननं आमदारकीला उभं राहावं, हे तुम्हाला पटतं का? रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

---

तर्रीपोहे | १७ ऑक्टोबर, रात्री १०.५२

कर ना भाऊ सही! काहून विचार करून राहिला? आपल्याकडे बिल्डर उभे राहतात, कंत्राटदार उभे राहतात, तेव्हा कोणी धागा काढत नाही.

---

काळाकोट | १७ ऑक्टोबर, रात्री ११.३०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सूचकावर कसलीही आर्थिक जबाबदारी येत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. मतदारयादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जावर बिनचूक लिहा. छाननीत अर्ज अडकतात ते बहुतेक अशाच बारीक गोष्टींवर.

उमेदवाराचं वय किमान २५. अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं भरायचं आणि एकही रकाना कोरा सोडायचा नाही. जिथे सांगण्यासारखं काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे त्यांचा कार्यमुक्तीचा आदेश. संविधानाचा अनुच्छेद १९१ शासनाखालच्या लाभाच्या पदाबद्दल बोलतो. मनपाची नोकरी ही शासनाचीच नोकरी का, हा वेगळा कायदेशीर वाद आहे, पण सेवानियम निवडणूक लढवू देत नाहीत हे नक्की. नुसता राजीनामा किंवा नोटीस पुरत नाही, ती मंजूर झालेली लागते. तो कागद छाननीच्या दिवशी खिशात हवा.

तारखा: अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर, छाननी ३०, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २०, निकाल २३.

---

संत्राबर्फी | १७ ऑक्टोबर, रात्री ११.४१

काळाकोट, फार फार आभार. आदेश त्यांनी लॅमिनेट करून ठेवलाय.

---

काळाकोट | १७ ऑक्टोबर, रात्री ११.४४

लॅमिनेट नको होतं करायला! साक्षांकित प्रती काढून घ्या.

---

सरळरेघ | १८ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

मी विरोधात लिहिणार आहे. राग नसावा.

उपकाराची भावना आणि पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या वडिलांचं हृदय ज्या डॉक्टरांनी वाचवलं त्यांच्यासाठी मी जीव टाकीन, पण ते चांगले आमदार होतील का हे मला ठाऊक नाही. आमदार २८८ पैकी एक असतो. त्याला अर्थसंकल्प वाचावा लागतो. कापूस, संत्रा, मिहान या औद्योगिक प्रकल्पातला रोजगार, शाळा, पाणी या सगळ्यावर मत द्यावं लागतं. आग हा त्यातला एक विषय. आणि तो विषयसुद्धा मनपाचा! अग्निशमन सेवा संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे नगरपालिका-महानगरपालिकांकडे. मग दादांनी नगरसेवक व्हावं. विधानसभेत जाऊन बंबाचं काय करणार?

---

तर्रीपोहे | १८ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

नगरसेवक व्हायला निवडणूक तं लागते ना भाऊ. मनपाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक बसून आहे. दादांनी वाट किती पाहायची?

---

जुनीशिडी | १८ ऑक्टोबर, दुपारी १.२०

मी अग्निशमन दलातून निवृत्त झालो, नागपूरच्या नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. पण प्रशिक्षण नागपुरात झालं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि १९५७ पासून नागपुरात आहे. देशभरातले अधिकारी इथे शिकून जातात, हे नागपूरकरांनाच कमी माहीत असतं याचं मला वाईट वाटतं.

सरळरेघ यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण अर्धा आहे. सेवा मनपाची, हे खरं. पण केंद्रात किती माणसं असावीत तो आकृतिबंध मंजूर कोण करतं? राज्याचा नगरविकास विभाग. पदं मंजूर झाली नाहीत तर मनपा भरती कशी करणार? आणि कायदा कुणाचा? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो विधिमंडळानं केला आणि ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यात लिहिलंय की इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं. तुम्ही राहता त्या इमारतीचं या जुलैचं प्रमाणपत्र कुणी पाहिलंय? इथे सांगा.

आता आतली बाजू. बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. दोन ब्रांच, म्हणजे पाणी मारायच्या तोट्या, लावल्या की काही मिनिटांत टाकी खाली. मग दुसरा बंब येईपर्यंत ब्रांच हातात धरून नुसतं उभं राहायचं आणि लोक शिव्या देतात की पाणी का मारत नाही. एकदा आमच्या दलात चालू आगीत होज, म्हणजे पाण्याचा पाइप, फाटला. जुना होता, बदलून मागितला होता, मिळाला नव्हता. माझ्या पुढचा जवान घसरून पडला, खांदा कायमचा गेला. चौकशीत लिहिलं गेलं 'अपघात'. तो कागद मी स्वतः वाचला आणि सही केली, कारण सही करावी लागते. त्या सहीचा मला आजही त्रास होतो. फायरमननं कायदा करणाऱ्यांत जाऊन बसावं असं मला वाटतं, ते त्या सहीमुळे.

---

अंबाझरीकाठ | १८ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. आम्ही अंबाझरीखाली तळमजल्यावर राहतो. मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस, तलाव भरून वाहू लागला आणि उजाडायच्या आत नाग नदी आमच्या स्वयंपाकघरात. आई ७८ वर्षांची. फ्रिज तरंगत दाराला आडवा आला आणि दार उघडेना. आम्ही तिला ओट्यावर उभं केलं, मी तिचे पाय धरून छातीभर पाण्यात. जवळजवळ दोन तास.

एनडीआरएफ आली, सैन्य आलं, सगळ्यांचे उपकार आहेत. पण आमच्या खिडकीशी पहिल्यांदा आले ते अग्निशमनचे दोन पोरं, कमरेला दोर बांधून. एकानं आईला पाठीवर घेतलं. आई घाबरून त्याचे केस ओढत होती आणि तो म्हणत होता, "ओढा आजी, घट्ट ओढा, पण सोडू नका."

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट आहे. दोर टाकणारा माणूस हवाच. पण नदीच्या पात्रात आणि नाल्याच्या तोंडावर बांधकाम होऊ न देणारा माणूस त्याच्याही आधी हवा. तो निर्णय दोर टाकणाऱ्याच्या हातात नसतो. तुमच्या दादांना मी ओळखत नाही. माझा मतदारसंघ वेगळा असेल तर सूचक होता येणार नाही, याची हळहळ वाटते.

---

मुळामुठा | १८ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

वाचताना अंगावर काटा आला. आई आता कशा आहेत?

---

अंबाझरीकाठ | १८ ऑक्टोबर, दुपारी ३.२६

बरी आहे. पाऊस लागला की उशाशी बॅटरी घेऊन झोपते.

---

इतवारी_तागा | १८ ऑक्टोबर, रात्री ९.१०

मी व्यापारी माणूस, कापडाचं दुकान. मनातलं खरं लिहितो. फायरमन आमदार झाला तर आमची दुकानं बंद पडतील अशी मला भीती वाटते.

इतवारी, गांधीबाग, महाल इथल्या गल्ल्या पन्नास-शंभर वर्षांपूर्वी वसल्या. माझ्या दुकानासमोरून दोन हातगाड्या एकमेकींना पार करू शकत नाहीत. खाली दुकान, वर गोदाम, त्याच्या वर घर. नियम नव्या इमारतीचे, जागा आजोबांची. शिवाय माझ्या मेहुण्याला एका दुसऱ्या शहरात नाहरकत दाखल्यासाठी किती खेपा माराव्या लागल्या आणि काय काय मागितलं गेलं, ते मी ऐकलंय. कायदा कडक केला की खेपा वाढतात. आग थांबतेच असं नाही.

---

जुनीशिडी | १८ ऑक्टोबर, रात्री ९.४८

@इतवारी_तागा, तुमची भीती खोटी नाही. मागणारी माणसं आमच्यात होती आणि त्यांच्यामुळे आमची मान खाली गेली.

पण ऐका. तुमच्या गल्लीत मोठा बंब येणार नाही हे मान्य करूनच उपाय शोधावा लागतो. छोटी गाडी, गल्लीच्या तोंडाशी पाण्याची सोय, दर चार दुकानांत होज-रील, रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सवय, आणि जिन्यात तागे न ठेवणं. शेवटच्याला एक पैसा लागत नाही. कापडाच्या आगीत माणूस ज्वाळेनं कमी आणि धुरानं जास्त मरतो. वर झोपलेल्यांचा उतरायचा रस्ता त्या जिन्यातूनच असतो. जुन्या पेठांसाठी वेगळे, पाळता येतील असे नियम हवेत, आणि ते मुंबईत बसून लिहून होणार नाहीत. ते काम तुमच्या गल्लीत होज ओढलेल्या माणसालाच जमेल.

---

इतवारी_तागा | १८ ऑक्टोबर, रात्री १०.३०

आत्ता जिन्यात जाऊन पाहिलं. अकरा गठ्ठे आहेत. दिवाळीचा माल. उद्या सकाळी हलवतो.

---

मतमोजणी_टेबल | १९ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

भावनेचं बरंच झालं, आता आकड्यांकडे वळू. २०१९ मध्ये राज्यात १३ अपक्ष निवडून आले, त्यातली एक जागा आपल्याच जिल्ह्यातली, रामटेक. पण तिथले विजयी उमेदवार आधीही आमदार राहिलेले होते, त्यांची गावागावांत माणसं होती. पहिल्यांदा उभा राहिलेला अपक्ष आणि तोही शहरात, हे फार कठीण. नागपुरात मतं पक्षावर पडतात, समाजावर पडतात आणि मग उमेदवारावर. बूथ तीनशेच्या आसपास धरा. प्रत्येक बूथवर एक माणूस दिवसभर बसवायचा म्हटलं तरी तीनशे घरचे लोक लागतात. दादांकडे तीनशे आहेत का? अनामत वाचवणं हेच मोठं काम होईल. हे त्यांना माहीत असेल तर जरूर लढावं. माहीत नसेल तर मित्रांनी आधी सांगावं.

---

दाराशी_दिवा | १९ ऑक्टोबर, दुपारी २.१५

मी इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. माझे मिस्टर दलात आहेत, चौदा वर्षं झाली.

आमच्या घरी लक्ष्मीपूजन कधीच वेळेवर होत नाही. सगळ्या गावाची दिवाळी ती यांची ड्युटी. मुलगी लहान असताना विचारायची, "बाबा फटाके विझवायला जातात का?" संक्रांतीला पतंग उडतात तेव्हा हे शिडी लावून नायलॉनच्या मांजात अडकलेले पक्षी सोडवत असतात. मे महिन्यात नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर. त्यात जाड कोट, हेल्मेट, पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचं सिलिंडर. भांडेवाडीच्या कचऱ्याला आग लागली की दोन-दोन दिवस धूर गिळतात. कळमन्यात मिरचीनं पेट घेतला होता, त्यानंतर आठवडाभर ह्यांचे डोळे उघडत नव्हते आणि मी कपडे धुतले तर माझे हात जळले.

तुम्ही सगळे कायदा, आकडे लिहिताय, ते बरोबर असेल. मला त्या दादांच्या बायकोबद्दल विचारायचं आहे. तिला कुणी विचारलं का? बावीस वर्षं तिनं रात्री फोन वाजला की धसका घेतला. आता कुठे माणूस घरी आला. या वर्षी पहिल्यांदा तो लक्ष्मीपूजनाला घरी असता, तर आता प्रचाराला जाणार. आणि ग्रॅच्युइटीचे पैसे? मुलांची शिक्षणं झाली आहेत का?

मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण सही करण्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन वहिनींशी बोला, एवढं माझं ऐका.

---

संत्राबर्फी | १९ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

ताई, खरंच विचारलं नव्हतं. आज संध्याकाळी जातो.

---

शून्यमैल | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ५.००

थोडं अवांतर, पण मला इथेच लिहावंसं वाटतं.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे आपल्याकडे दर हिवाळ्यात अधिवेशन भरतं. विदर्भाचे प्रश्न विदर्भात सुटावेत हा हेतू होता. विधानभवनासमोर त्या दिवसांत अग्निशमनची गाडी उभी असते, जवान पहाटेपासून तिथे असतात. आत मंत्री, बाहेर मोर्चे, आणि मध्ये हे. तुमच्या दादांनी अशा किती हिवाळ्यांत दाराशी ड्युटी केली असेल! त्या दारातून आत जावंसं वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

निकालाची तारीख २३ नोव्हेंबर पाहिली आणि आवंढा आला. १९९४ मध्ये याच तारखेला अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, बायका आणि मुलं त्यात सर्वाधिक. बरोबर तीस वर्षं होतील. मी तेव्हा मॉरिस कॉलेजच्या बाजूला राहत होतो. रस्ताभर चपला पडल्या होत्या. गर्दी कुठून आत येईल आणि कुठून बाहेर पडेल याचा विचार करणारा माणूस त्या दिवशी निर्णय घेणाऱ्यांत असता तर, हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. फायरमन कुठल्याही खोलीत शिरला की आधी बाहेर पडायचं दार पाहतो.

---

तर्रीपोहे | १९ ऑक्टोबर, सायंकाळी ५.१२

काका, हे मले माहीतच नव्हतं. तिथून रोज जातो, स्मारक पाहिलं होतं, पण आकडा आज समजला.

---

सरळरेघ | १९ ऑक्टोबर, रात्री ८.२५

जुनीशिडी यांनी आकृतिबंधाचं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, मान्य. पण एकटा अपक्ष आमदार करणार काय? कायद्यात बदल सरकार आणतं.

---

काळाकोट | १९ ऑक्टोबर, रात्री ८.५५

एकट्याला बरंच करता येतं. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते छापलं जातं. लक्षवेधी सूचना मांडता येते. अर्धा तास चर्चा मागता येते. शुक्रवारी अशासकीय कामकाज असतं, त्यात कुठलाही सदस्य स्वतःचं विधेयक आणू शकतो. अशी विधेयकं मंजूर क्वचितच होतात, पण सरकारला भूमिका घ्यावी लागते. 'राज्यात किती रुग्णालयांनी जुलैचं ब प्रमाणपत्र दिलेलं नाही, जिल्हानिहाय सांगा' एवढा एक प्रश्न विचारला तरी कितीतरी फायली हलतील.

---

अंबाझरीकाठ | १९ ऑक्टोबर, रात्री ९.१०

रुग्णालय म्हटलं की भंडारा आठवतं. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाचा नवजात कक्ष, दहा बाळं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या नागपूरजवळच्या वाडी गावात कोविड रुग्णालयाला आग, नोव्हेंबरमध्ये नगरला अतिदक्षता विभाग. दर वेळी ऑडिटचे आदेश निघाले.

---

शिकाऊ | १९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

मी फायरमनचा कोर्स करतोय. आम्हाला पहिल्याच आठवड्यात १४ एप्रिल १९४४ शिकवतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात गेले. म्हणून तो दिवस अग्निशमन दिन. नागपुरात त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे सकाळी मानवंदना देऊन जवान लगेच संविधान चौकाच्या आणि दीक्षाभूमीच्या बंदोबस्ताला जातात. आमचे सर म्हणतात, एका दिवशी दोन्ही घडावं हे आपलं भाग्य.

एक विचारायचं होतं. दादा पत्रकावर गणवेशातला फोटो टाकणार आहेत का? टाकावा असं मला वाटतं. पोरांना कळेल की आमच्यातला माणूस उभा आहे.

---

जुनीशिडी | २० ऑक्टोबर, सकाळी ६.५०

बाळा, तुझी भावना समजते, पण टाकू नये. गणवेश दलाचा आहे. त्या कपड्यात आपण कुणाचंही दार ठोठावतो आणि कुणीही 'तू कोणाचा' असं विचारत नाही. उद्या एखाद्या पक्षाच्या कार्यकर्त्याच्या घराला आग लागली आणि त्याला वाटलं की हे तर विरोधातले, तर? साध्या शर्टातला फोटो पुरे.

---

दाराशी_दिवा | २० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

काका, अगदी बरोबर बोललात.

---

तर्रीपोहे | २० ऑक्टोबर, सकाळी ९.५०

आणि निशाणी कोणती मागतील? आमची आजी म्हणते बादली मागा, लोकाईच्या डोक्यात पक्की बसन.

---

काळाकोट | २० ऑक्टोबर, सकाळी १०.०५

अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून तीन पसंती अर्जावर क्रमानं द्याव्या लागतात. आजीची पसंती कळवा!

---

संत्राबर्फी | २० ऑक्टोबर, रात्री १०.१५

काल संध्याकाळी गेलो होतो. सगळं सांगतो.

वहिनी कणीक मळत होत्या. मी चाचरत विचारलं, तुम्हाला पटतं का हे? त्या म्हणाल्या, "आधी नाही पटलं. पंधरा दिवस बोलले नाही मी. मग यांनी एक वही दाखवली." ती वही मीही पाहिली. शाळेची दोनशे पानी. प्रत्येक मोठ्या आगीनंतर दादांनी एक पान लिहिलंय: तारीख, केंद्रातून कधी निघाले, पोहोचायला किती वेळ लागला, रस्त्यात काय आडवं आलं, पाणी कुठून घेतलं, आणि शेवटी एक ओळ, 'काय असतं तर वाचलं असतं'. काही पानांवर ती एकच ओळ आहे. एका पानावर लिहिलंय, 'गच्चीच्या दाराची किल्ली'. लकडगंजच्या आरामशीनच्या एका आगीच्या पानावर लिहिलंय, 'भुसा रोज उचलला असता'. वहिनी म्हणाल्या, "ही वही घरात ठेवून हे म्हातारे झाले तर यांना झोप लागणार नाही. त्यापेक्षा एकदा लढू दे."

पैशांचंही विचारलं. ठरलंय की दीड लाखाच्या वर जायचं नाही. ते पैसे वहिनींच्या ताब्यात आहेत. ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही. मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, हिशेब ती ठेवणार.

तीनशे बूथांचा आकडा दादांना सांगितला. ते म्हणाले, "माझ्याकडे चाळीस माणसं आहेत. चाळीस बूथवर बसू." हरणार हे त्यांना माहीत आहे असं मला वाटलं. मी तसं विचारलंही. म्हणाले, "प्रत्येक सभेत बाकीच्या उमेदवारांना ब प्रमाणपत्राबद्दल विचारायचं. जो निवडून येईल त्यानं उत्तर दिलेलं असेल."

मी सही करतोय. बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण आज सकाळी मतदारयादीतला माझा अनुक्रमांक त्यांनीच शोधून कागदावर लिहून ठेवला होता.

---

सरळरेघ | २० ऑक्टोबर, रात्री १०.५०

त्या वहीची छायाप्रत काढून ठेवा. निकाल काहीही लागो. माझा आक्षेप अजून आहे, कापूस आणि शाळा याबद्दल ते काय बोलतात ते मला ऐकायचंय. सभा कुठे असेल तर कळवा, येईन आणि प्रश्न विचारीन.

---

इतवारी_तागा | २१ ऑक्टोबर, सकाळी ११.००

जिना मोकळा केला. बाजूच्या तिघांनीही केला. चौथा ऐकत नाही.

---

संत्राबर्फी | ३० ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

अर्ज काल धनत्रयोदशीला भरला, आज छाननीत वैध ठरला. एका सूचकाचा भाग क्रमांक चुकला होता, पण तो भरण्याआधीच लक्षात आला. काळाकोट, तुमची आठवण काढली सगळ्यांनी.

---

संत्राबर्फी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.२०

आज चिन्ह मिळालं. तीनपैकी एकही पसंती मिळाली नाही, शिलाई मशीन मिळालं. तर्रीपोहे, आजींना माझ्यातर्फे सॉरी सांग. गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बायका मात्र फार खूश आहेत, पत्रकं त्याच वाटणार म्हणतात.

लक्ष्मीपूजनाला दादा घरी होते. आरतीच्या मध्ये लांबून बंबाची घंटा ऐकू आली आणि ते ताम्हण हातात घेऊन दारापर्यंत गेले. वहिनींनी हाक मारली तेव्हा परत आले.

२० तारखेला पोलिंग एजंट म्हणून बसायला माणसं हवी आहेत. चाळीसपैकी एकतीस झालेत. याच मतदारसंघातला कुणी असेल तर मला निरोप पाठवा.

---

तर्रीपोहे | ४ नोव्हेंबर, रात्री ९.३१

माझा मतदारसंघ तोच असन असं वाटते. निरोप पाठवतो. सकाळी किती वाजता याचं?

---

संत्राबर्फी | ४ नोव्हेंबर, रात्री ९.३५

साडेपाचला. मशीनची तपासणी मतदानाआधी होते, तेव्हा हजर लागतं.

---

दाराशी_दिवा | ४ नोव्हेंबर, रात्री १०.०२

मिस्टर ड्युटीवर असणार, आणि आम्ही कुणाचा प्रचार करू शकत नाही. पण माझ्या भावाचं घर त्याच भागात आहे, तो बसेल. त्याला साखर आहे, वेळेवर जेवायला मिळेल एवढं बघा.

---

संत्राबर्फी | ४ नोव्हेंबर, रात्री १०.०६

ताई, डबे वहिनी करतायत. सगळ्यांचे. भावाला भाकरी चालेल ना?

---

दाराशी_दिवा | ४ नोव्हेंबर, रात्री १०.०८

चालेल. ज्वारीची.